घरकामात निघालेलं भंगार आणि उरलेला माल नक्की कुणाचा?

केतकीपान

सहकारनगरला आमचा जुना फ्लॅट आहे, १९८४ सालच्या इमारतीतला. आता आम्ही तिथे राहायला जाणार म्हणून पूर्ण काम काढलं आहे. वायरिंग, दोन्ही बाथरूम, किचनचा ओटा, दारं, सगळं नवीन. कंत्राटदार ओळखीतून मिळाला. ठरलं असं की फरशी, वायर, नळ, प्लायवूड आम्ही आणून द्यायचं, त्याची फक्त मजुरी. सिमेंट-वाळू मात्र त्याच्याकडे. कोटेशनमध्ये 'जुने काम तोडून डेब्रिज उचलून नेणे' अशी एक ओळ आहे आणि तिचे वेगळे पैसे लावले आहेत.

काम संपत आलं तेव्हा लक्षात आलं की जुनी सागवानी दारं चौकटींसकट गेली आहेत. पितळी नळ, जुन्या गीझरची टाकी, काढलेल्या वायरचे भेंडोळेही नाहीत. इथवर मी गप्प बसले असते. पण फरशीच्या दोन न फोडलेल्या पेट्या, वायरचं अर्धं बंडल आणि प्लायचा एक अख्खा शीटही जागेवर नाही. विचारल्यावर उत्तर आलं, "ताई, साइटवरून निघालेला माल कंत्राटदाराचाच असतो, सगळीकडे हीच पद्धत आहे."

खरंच अशी पद्धत आहे का? असेल तर ती नवीन मालालाही लागू होते का? शेवटचा हप्ता अजून माझ्याकडे आहे, त्यातून पैसे कापले तर चालतील का? घरात मतभेद आहेत. मिस्टर म्हणतात सोडून दे. मला सोडवत नाही, कारण कामगारांना मी कधी चहापाण्याला कमी केलेलं नाही आणि कुणी विचारलं असतं तर निम्म्या वस्तू आनंदाने दिल्या असत्या.

सह्यकडा

सरळ पोलिसात तक्रार द्या. न विचारता नेलं म्हणजे चोरी. बाकी चर्चा कशाला?

ओळंबा

मी इंटिरियर आणि दुरुस्तीची कामं घेतो, त्यामुळे दुसरी बाजू मांडतो. केतकीताई, राग मानू नका.

तोडफोडीचा आकडा देण्याआधी आम्ही घर फिरून बघतो. लोखंडी ग्रिल किती आहेत, स्लायडिंग खिडक्यांचं ॲल्युमिनियम निघणार का, दारं सागवानी की फ्लश (प्लायची सपाट), नळ पितळी की प्लॅस्टिकचे. निघणाऱ्या मालाची किंमत मनात वजा करूनच आम्ही आकडा सांगतो. ही वजाबाकी कागदावर येत नाही आणि भांडण तिथेच सुरू होतं. मोठ्या कामात तीच गोष्ट उघड दिसते. पेठेतला जुना वाडा उतरवायचा असेल तर उतरवणारा माणूस मालकाकडून पैसे घेत नाही, उलट मालकाला पैसे देतो, कारण तुळया, खांब, घडीव दगड, कौलं हे सगळं तो नेणार असतो. तोडायची मजुरी आणि निघणारा माल या दोन्हींचा हिशेब एकाच आकड्यात असतो.

तेव्हा दारं आणि जुने नळ यांच्याबद्दल तुमच्या कंत्राटदाराला वाटलं असेल की ते त्याचेच, तर तो अगदीच खोटं बोलत नाही. पण नवीन माल नेला हे मला पटत नाही. मालकाच्या पैशाच्या फरशीच्या बंद पेट्या, वायरचं बंडल, अख्खा शीट हे आमच्या धंद्यातही कुणी 'निघालेला माल' म्हणत नाही. तो उरलेला माल आहे आणि तो मालकाच्या ताब्यात देऊन सही घ्यायची असते. तुमच्याकडे ते झालेलं नाही.

जाईजुई

ओळंबा, मनातली वजाबाकी ग्राहकाला कशी कळणार? आणि डेब्रिज उचलायचे पैसे वेगळे लावले असतील तर वजाबाकी झाली कुठे? पैसेही घ्यायचे आणि सागवानही घ्यायचं, हे दोन्ही कसं?

ओळंबा

तुमचा मुद्दा बरोबर आहे. वेगळे पैसे लावले असतील तर माझं वरचं म्हणणं त्यांच्या बाबतीत बरंच कमजोर होतं. टेम्पोचं भाडं, गोणीमागे हमाली आणि टाकायची जागा हा खरा खर्च असतो, तो लावणं चूक नाही. पण मग मालाची किंमत वजा दाखवायला हवी.

मोजमापवही

सार्वजनिक बांधकाम खात्यात पूर्ण नोकरी झाली, आता निवृत्त आहे. हा प्रश्न सरकारी कामात फार पूर्वीच सोडवून ठेवलेला आहे आणि खासगी लोकांनी त्यातलं थोडं जरी उचललं तरी निम्मी भांडणं संपतील असं मला मनापासून वाटतं.

सरकारी निविदेच्या सर्वसाधारण अटींत लिहिलेलंच असतं की इमारत पाडताना किंवा खोदकामात जे काही निघेल ते शासनाच्या मालकीचं. कंत्राटदाराने ते रचून ठेवायचं, अभियंता सांगेल तसं त्याची विल्हेवाट लावायची. आम्ही निघालेल्या मालाची यादी करायचो. पुन्हा वापरता येण्यासारखा माल वेगळा, भंगार वेगळं. दारं-खिडक्या नगावर, लाकूड घनमीटरवर, लोखंड वजनावर, आणि सगळं मोजमाप पुस्तकात. पुढे त्याचा लिलाव व्हायचा. नाहीतर अंदाजपत्रकातच जुन्या मालाची किंमत 'क्रेडिट' म्हणून वजा दाखवायची आणि मग माल कंत्राटदाराने न्यायचा. म्हणजे ओळंबा म्हणतात ती मनातली वजाबाकी आम्ही कागदावर करत होतो, एवढाच फरक.

दुसरा भाग नवीन मालाचा. खात्याने सळई किंवा सिमेंट पुरवलं असेल तर किती लागायला हवं याचा हिशेब नकाशावरून निघतो. सळईचं वजन काढायचं सूत्र साइटवरच्या प्रत्येकाला पाठ असतं: व्यासाचा वर्ग भागिले १६२, म्हणजे मीटरला इतके किलो. १२ मिलिमीटरची सळई मीटरला ०.८८९ किलो भरते, १२ मीटरची पूर्ण लांबी साधारण १०.६७ किलो. या हिशेबात कापण्यातली घट ३ ते ५ टक्के धरली जाते. त्यापलीकडे माल कमी भरला तर कंत्राटदाराच्या बिलातून वसुली, तीही दंडाच्या दराने. उरलेला माल परत जमा. तुकडेसुद्धा मोजले जायचे, कारण लहान तुकड्यांतून स्लॅबच्या खुर्च्या (जाळी उचलून धरणारे आधार) आणि लिंटेलच्या, म्हणजे दार-खिडकीवरच्या तुळईच्या, सळया निघतात. सळई वाकवणारा चांगला बारबेंडर तुकडा टाकत नाही.

घरमालकाने एवढं करायची गरज नाही. पण आणलेला माल, वापरलेला माल, उरलेला माल असे तीन रकाने एका वहीत ठेवायला काय हरकत आहे? माल उतरला त्या दिवशी लिहायचं आणि मुकादमाची सही घ्यायची.

केतकीताई, फरशीच्या पेट्या मात्र नक्की परत मागा. पैशापेक्षा दुसरं कारण आहे. फरशीची बॅच बदलली की छटा जुळत नाही. पुढे पाइप फुटला आणि दोन फरश्या काढाव्या लागल्या तर बाजारात तीच फरशी मिळणार नाही. घट धरून दहा टक्के जास्त घेतो त्यातली एक पेटी कायम घरात राहिली पाहिजे.

वायरमन_कराड

मी वायरमन. आमच्या लोकांवर या बाबतीत लगेच संशय येतो म्हणून लिहितोय.

पहिली गोष्ट, १९८४ ची इमारत असेल तर जुनी वायर तांब्याचीच होती का हे आधी विचारा. त्या काळात तांबं महाग आणि आयातीवर चालायचं, म्हणून पुष्कळ इमारतींत ॲल्युमिनियमची वायर टाकलेली आहे. मी स्वतः अशी कितीतरी घरं उघडली आहेत. ॲल्युमिनियम असेल तर त्या भेंडोळ्याचे फार पैसे येत नाहीत.

दुसरी गोष्ट, नवीन बंडलाचा हिशेब. ९० मीटरच्या बंडलात अडीच चौरस मिलिमीटरची वायर असेल तर नुसतं तांबं दोन किलोच्या आसपास भरतं, दीडची असेल तर सव्वा किलोच्या जवळ. अर्धं बंडल म्हणजे थोडकी गोष्ट नाही. चांगला वायरमन उरलेलं बंडल गुंडाळून, टोकाला टेप लावून मालकाच्या हातात देतो. मी देतो, माझ्या हाताखालची पोरंही देतात.

तिसरी गोष्ट, तुकडे. बोर्डात जोडणी करताना वीतभर, हातभर टोकं उरतात. ती मदतनीस पोरगा पिशवीत टाकतो. महिना-दोन महिन्यांनी विकतो. ही पद्धत सगळीकडे आहे आणि माझ्या मते ती राहू द्यावी. त्या पोराला रोज फार मिळत नाही. टोकं साठवली तर निदान तो ती जमिनीवर सोडत नाही, घर साफ राहतं. पण त्याच पोराने वीत सोडायच्या ऐवजी दोन हात वायर सोडून कापायला सुरुवात केली तर ती चोरीच आहे आणि त्याला तिथेच थांबवावं लागतं. उस्तादाने डोळा ठेवला तर पोरं बिघडत नाहीत.

आणि एक विनंती. गच्चीवर किंवा मागच्या मोकळ्या जागेत वायर जाळून तांबं काढत असतील तर हाकलून द्या. तो धूर विषारी असतो आणि जाळणारा पोरगाच तो छातीत भरून घेतो. सोलायची पकड आहे, थोडा वेळ लागतो. शिवाय जाळलेल्या तांब्याला सोललेल्यापेक्षा भावही कमी मिळतो.

जाईजुई

वायरमनदादा, तुकड्यांचं तुमचं म्हणणं आवडलं. सोनारांच्या आळीत दुकानासमोरची धूळ झाडून तिच्यातून सोन्याचे कण काढणारे झारेकरी असतात, तसंच हे. दागिना गिऱ्हाइकाचा, पण सांडलेला कण झाडणाऱ्याचा, असं समाजाने ठरवून दिलं होतं. फक्त झारेकरी दुकानाच्या आत शिरून तिजोरीला हात लावत नव्हते.

कलमनामा

वकिली करते. कायद्याची बाजू थोडक्यात सांगते, कारण वर चोरी, पोलीस असे शब्द आले आहेत.

तुम्ही स्वतः माल विकत घेऊन कंत्राटदाराच्या ताब्यात दिलात तर मालकी तुमचीच राहते. त्याच्याकडे तो माल ठरावीक कामासाठी सोपवलेला असतो. भारतीय करार अधिनियम, १८७२ मध्ये कलम १४८ पासून याच्या तरतुदी आहेत. कलम १६० म्हणतं की ज्या कामासाठी वस्तू दिली ते काम पूर्ण झालं की मागणीची वाट न बघता ती परत करायची. म्हणजे उरलेल्या पेट्या 'तुम्ही मागितल्या नाहीत' हे उत्तरच होऊ शकत नाही. कलम १६३ मध्ये तर सोपवलेल्या वस्तूत जी भर पडेल तीही मालकाची असं सांगून उदाहरण दिलंय: सांभाळायला दिलेल्या गायीला वासरू झालं तर गायीबरोबर वासरूही परत द्यायचं. तुकडे आणि घट याबद्दल वेगळं ठरलेलं नसेल तर तेही मूळ मालाच्या मालकाचेच, पण तिथे चालत आलेली पद्धत लक्षात घेतली जाते.

याउलट कंत्राट मालासकट असेल, म्हणजे सिमेंट, सळई, प्लाय सगळं त्याने आणून तुम्हाला तयार कामाचे पैसे लावले असतील, तर कामात न लागलेला माल त्याचा. मालकाने त्यावर हक्क सांगू नये. बिलात 'माल' अशी ओळ दिसली म्हणून घरमालक गोण्या मोजत बसतात, ते बरोबर नाही.

घरातून काढलेल्या दारांचं आणि नळांचं काय? ते घराचा भाग होते, म्हणून तुमचे. तोडून काढल्याने मालकी आपोआप बदलत नाही. ती बदलायला तुमची संमती हवी, लेखी किंवा वागण्यातून दिसणारी. 'डेब्रिज उचलून नेणे' या ओळीत सागवानी दारं येतात का, हा खरा वाद आहे. माझं मत: येत नाहीत. फुटलेली फरशी, विटा, प्लास्टर हे टाकून द्यायचं म्हणून उचलायला सांगितलं जातं. ज्याला बाजारात किंमत आहे ते तुम्ही टाकून दिलं असं गृहीत धरता येत नाही. धंद्यातल्या पद्धतीला करार अधिनियमात जागा आहे, पण ती पद्धत आहे हे तिच्यावर हक्क सांगणाऱ्याने सिद्ध करायचं असतं आणि ती लेखी कराराच्या विरोधात चालत नाही.

पोलिसांबद्दल: चोरीला अप्रामाणिक हेतू लागतो. समोरच्याला खरोखर वाटत असेल की माल त्याचा, तर ठाण्यात तुम्हाला 'दिवाणी बाब आहे' असंच सांगतील आणि दारांबाबत ते फारसं चूक नसेल. अख्खा शीट आणि बंद पेट्यांबाबत तो बचाव टिकणार नाही. तरीही तिथून सुरुवात करू नका. नेलेल्या वस्तूंची यादी, त्यांची किंमत आणि परत देण्याची मुदत व्हॉट्सॲपवर शांतपणे लिहून पाठवा. पूर्ण हप्ता अडवू नका, तसं केलंत तर करार तुम्ही मोडला असं तो म्हणेल. वादातली रक्कम तेवढी बाजूला ठेवा आणि का ठेवली ते लिहा. नाहीच ऐकलं तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खाली घराचं बांधकाम ही सेवा आहे आणि पाच लाखांपर्यंत मोबदल्याच्या तक्रारीला फी नाही.

सह्यकडा

कलमनामा, पटलं. पोलिसांचं मी घाईत लिहिलं होतं.

रंधा

माझे वडील सुतार होते, मी आता छोटं वर्कशॉप चालवतो. एक गोष्ट सगळ्यांच्या बोलण्यातून सुटतेय असं वाटतं. कंत्राटदार आणि कारागीर यांना तुम्ही एकच समजताय. दारं टेम्पोत भरून नेली ती कंत्राटदाराने. त्यातला एक रुपयाही सुताराला किंवा तोडणाऱ्या बिगाऱ्याला मिळाला नसेल. पण 'कामगार माल नेतात' हे नाव मात्र त्यांचं होतं. वॉचमन दारात पिशवी उघडून बघतो ती बिगाऱ्याची, टेम्पो तसाच बाहेर जातो.

आमच्या घरी प्लायच्या कटपीसमधून किती वस्तू बनल्या याची गणती नाही. पाट, रॅक, बहिणीचं अभ्यासाचं टेबल, देवघर. वडील मालकाला विचारून आणायचे. आठ बाय चारच्या शीटमधून ज्या पट्ट्या उरतात त्यांना त्या मालकाच्या घरात काही उपयोग नसतो, पण नाही म्हणायचा हक्क मालकाचा, हे ते कधी विसरले नाहीत. आणि एक-दोन मालक असे होते की पट्ट्यांचे तुकडेही मोजून पोत्यात भरून माळ्यावर ठेवायचे. ती पोती पुढे वाळवीने खाल्ली. मालकांनी आपला हक्क जरूर ठेवावा, पण जे आपल्याला नको ते कारागिराला स्वतः हाताने द्यावं. कंत्राटदारामार्फत दिलं तर ते पोचत नाही.

सागवानाबद्दल. १९८४ च्या दारांचं सागवान आज विकत घ्यायला गेलात तर परवडणार नाही. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटात आणि जुन्या लाकडाच्या वखारींत अशा दारांना नेहमी गिऱ्हाईक असतं. मुंबईत चाळी पाडताना निघणारं बर्मा टीक जोगेश्वरी-ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचरच्या बाजारात जातं. त्याच दाराला रंधा मारला की आतून नवीन लाकूड निघतं. पुढच्या वेळी कुणी काम काढलं तर दारं आधी सुताराला दाखवा. चार दारांत एक चांगलं जेवणाचं टेबल होतं आणि मजुरी सोडता खर्च नाही.

केतकीपान

सगळ्यांचे आभार. कलमनामा यांनी सांगितलं तशी यादी पाठवली. फरशीच्या पेट्या आणि वायर परत आली, ती 'चुकून दुसऱ्या साइटवर गेली' होती म्हणे. प्लायचे पैसे बिलातून वजा करायला तो तयार आहे. जुनी वायर ॲल्युमिनियमचीच होती, वायरमनदादांचा अंदाज खरा. दारं विकून झाली आहेत, त्यावर अजून बोलणं चालू आहे. रंधा यांचं वाचून दारांचं जास्तच वाईट वाटलं.

टेकडीवर

एका गोष्टीवर कुणी बोललं नाही. सागवान आणि पितळ 'माझं' म्हणणारे पुष्कळ, राडारोडा माझा म्हणणारा कुणी नाही. मी रोज मुठेच्या काठाने चालायला जातो. रात्रीतून टेम्पो रिकामे होतात. फुटलेल्या फरश्या, कमोडचे तुकडे, पीओपी. त्यातलं प्रत्येक पोतं कुणाच्या तरी नूतनीकरण केलेल्या सुंदर घरातून आलेलं असतं. २०१६ च्या बांधकाम व पाडकाम कचरा नियमांनी जबाबदारी सर्वांत आधी कचरा निर्माण करणाऱ्यावर टाकली. कंत्राटदाराला पैसे दिले की आपला संबंध संपला असं घरमालकाला वाटतं, पण तसं नाही. पुण्यात पालिका पैसे घेऊन राडारोडा उचलते, वाघोलीला त्यावर प्रक्रिया होते. माझा आग्रह आहे की डेब्रिजचे पैसे देताना ते कुठे टाकलं त्याची पावती मागा. भंगाराचा हिशेब मागताना ज्या हिरिरीने बोलतो त्याच हिरिरीने मागा.

आणि याची एक चांगली बाजूही पुण्यात आहे. आपण टाकून दिलेला सुका कचरा 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या ताई वेगळा करून विकतात आणि ते उत्पन्न त्यांचं असतं. १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली तेव्हापासून त्या बायकांनी हा हक्क भांडून मिळवला आहे. घरात काम निघालं की नळाचे खोके, पुठ्ठे, प्लॅस्टिक भरपूर निघतं. ते कंत्राटदाराच्या टेम्पोत जाण्याऐवजी त्यांना द्या.

चेंबूरकर_सचिव

पुनर्विकासातला हाच प्रश्न आमच्या सोसायटीत सध्या जोरात आहे. विकास करारनाम्यात इमारत पाडून निघणारा सगळा माल विकासकाचा असं कलम आहे. सभासद विचारतात की मग आम्ही ग्रिल, पंखे, गीझर, आतली दारं काढून न्यायची की नाही?

कलमनामा

ताबा देण्याच्या तारखेपर्यंत घरातल्या वस्तू सभासदाच्या. करारात 'जसं आहे तसं' ताबा असं असेल तर काय काढता येईल याची यादी विकासकाकडून लेखी घ्या. सहसा ग्रिल, किचन, दारं यावर कुणी अडवत नाही. जिन्याचं, लिफ्टचं, पंपाचं, पाण्याच्या टाक्यांचं मात्र वेगळं. ते सामायिक आहे, सोसायटीचं. करारात ते विकासकाला दिलेलं नसेल तर सर्वसाधारण सभेत ठराव करून, दोन-तीन ठिकाणचे भाव मागवून विकायचं आणि पैसे सोसायटीच्या खात्यात. कमिटीतल्या कुणाच्या ओळखीच्या भंगारवाल्याला रविवारी सकाळी बोलावून हा व्यवहार होता कामा नये.

एक धोका लक्षात ठेवा. शेजारी अजून राहत असताना कुणी आपल्या घरातले पाइप आणि मेन वायर काढू नयेत. पाणी आणि वीज सगळ्यांची तुटते, अपघातही होतो.

पायाखोदाई

मी बिल्डरकडे साइट इंजिनिअर आहे. भंगारावर एवढं बोललात, पण मातीचं कुणाच्या लक्षात आलं नाही. बंगला बांधायला पाया खोदला की जो मुरूम, दगड निघतो तो 'माझ्या प्लॉटचा' म्हणून लोक विकतात आणि मग तहसीलदारांची नोटीस येते. मुरूम आणि दगड हे गौण खनिज आहेत. परवानगी न घेता बाहेर नेले तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४८(७) खाली बाजारभावाच्या पाचपट दंड होऊ शकतो.

पण २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुण्याच्या बिल्डर संघटनेच्या प्रकरणात एक महत्त्वाचा फरक केला. पायासाठी काढलेली साधी माती त्याच प्लॉटवर जोत्यात भरायला किंवा सपाटीकरणाला वापरली तर ती गौण खनिज म्हणून आकारायची नाही. मातीचा उपयोग कशासाठी झाला ते बघायचं. म्हणून खोदलेली माती शक्यतो जागच्या जागी वापरा. बाहेर न्यायची असेल तर आधी तहसील कार्यालयात विचारा, स्वामित्वधन (रॉयल्टी) भरून परवाना घ्या. जेसीबीवाला 'माती मी घेऊन जातो, खोदाईचं भाडं कमी करतो' म्हणाला तर विशेष सावध राहा. नोटीस जमीनमालकाच्या नावावरही येते.

मोजमापवही

फार उपयोगी माहिती. खोदताना मटक्यात नाणी वगैरे सापडली तर तीही परस्पर ना मजुराने ठेवायची ना मालकाने, लगेच जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं. १८७८ चा भूमिगत द्रव्याचा कायदा अजून लागू आहे. चिखलीच्या एका साइटवर मजुरांना सोन्याची जुनी नाणी सापडली, ती त्यांनी घरी ठेवली आणि शेवटी पोलिसांनी ताब्यात घेतली.

जाईजुई

आमचंही काम दिवाळीनंतर निघणार आहे. कोटेशनमध्ये नक्की काय लिहून घ्यायचं? कुणी मसुदा देईल का?

कलमनामा

साधं मराठीत लिहा, वकिली भाषा नको: "घरातून काढलेली दारे, चौकटी, ग्रिल, नळ, वायर, पाइप, काच व इतर विक्रीयोग्य वस्तू मालकाच्या राहतील व मालक सांगेल तिथे रचून ठेवल्या जातील. त्यांपैकी ज्या वस्तू कंत्राटदाराने न्यायच्या त्यांची ठरलेली किंमत रुपये इतकी, ती बिलातून वजा. मालकाने दिलेल्या मालापैकी उरलेला माल काम संपण्याच्या दिवशी मोजून परत. इतके इंच लांबीखालचे तुकडे कारागिरांचे. राडारोडा उचलल्याची पावती दिल्यावर त्या कामाचे पैसे." पाच ओळींत काम होतं.

ओळंबा

या मसुद्यावर मी आनंदाने सही करेन. एकच सुचवणी, वस्तूंचे फोटो दोघांनी तोडफोडीच्या आधी घ्यावेत, म्हणजे नंतर 'दार फ्लशचं होतं' असं कुणी म्हणणार नाही.

जाईजुई

मसुदा घेतला, धन्यवाद. शेवटचं एक. रंगाचे डबे आम्ही आणणार आहोत. डब्यात रंगाऱ्यासाठी टोकन असतं असं ऐकलं. डबा आमचा, मग टोकन कुणाचं?

रंधा

ते कंपनीने रंगाऱ्यासाठीच ठेवलेलं असतं, त्याला घेऊ द्या. गोंदाच्या डब्यावरही सुतारांसाठी असेच पॉइंट असतात. फक्त दोन गोष्टी सांभाळा. कुठल्या कंपनीचा कुठला रंग लावायचा हे टोकन बघून ठरू देऊ नका, आणि डबा तुमच्यासमोर फोडायला सांगा. टोकन काढायला आधीच फोडलेल्या डब्यात पाणी किती पडलं ते मग कळत नाही. रिकाम्या वीस लिटरच्या बादल्या मात्र आधी बोलून ठेवा, त्या सगळ्यांनाच हव्या असतात.